नकाशा वाचताना : पुणे ग्रँड टूरचा मार्ग

शंकरपटाला मुरलेला माणूस मैदानात शिरला की आधी बैलजोड्यांकडे जात नाही. तो धावपट्टीकडे जातो. माती किती दाबली आहे, उतार कुठल्या अंगाला आहे, शेवटी जोडी आवरायला जागा किती सोडली आहे, हे चालत जाऊन बघतो. मग कोणाचे बैल, धुरकरी कोण, याची चौकशी. भंडारा जिल्ह्यात वाढल्यामुळे ही सवय मलाही लागली आणि सायकल शर्यतींच्या नादातही ती सुटली नाही. स्पर्धकांची नावं नंतर, आधी रस्ता.

२०२६च्या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडे धान घरात येऊन बांधीत लाखोळी हिरवी झालेली असताना, दिवसा पट आणि रात्री नाटक अशा ऐन हंगामात, मी पुणे ग्रँड टूरचा नकाशा उघडून बसलो होतो. १९ ते २३ जानेवारी, एक प्रोलॉग आणि चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ श्रेणीतली, टप्प्याटप्प्यांची अशी शर्यत भारतात पहिल्यांदाच होत होती. या आकड्यातला पहिला दोन सांगतो की शर्यत अनेक दिवसांची आहे. एकदिवसीय शर्यतीला तिथे एक असतो. दुसरा दोन म्हणजे तिचा दर्जा.

अनेक दिवसांच्या शर्यतीचा हिशेब साधा आहे. रोजच्या वेळांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. पण या साध्या हिशेबामुळेच मार्ग आखणाऱ्याच्या हाती नाटककाराची सत्ता येते. कोणाला कुठल्या दिवशी आशा दाखवायची, कोणाची कधी हिरावायची, हे तो पेन्सिलीनं ठरवतो. आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं. तिथला लेखक पहिल्या अंकात सगळं उघड करून बसला, तर दोन वाजता मंडप रिकामा होईल. टप्प्यांच्या शर्यतीचा मार्ग मी याच कसोटीवर घासून बघतो : आजचा दिवस उद्यासाठी काही शिल्लक ठेवतो का?

प्रोलॉग पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्याच्या परिसरातला, जेमतेम काही किलोमीटरांचा. एकेक जण सुटतो आणि एकटा घड्याळाशी झुंजतो. इथे पडणारं अंतर सेकंदांचं असतं, पण त्या सेकंदांनी कोणीतरी पुढे होतो, बाकीचे त्याच्या मागे लागतात आणि गोष्ट सुरू होते.

पहिला टप्पा मुळशी-मावळातला. चढ-उतार, वळणं, गावातून जाणारे अरुंद रस्ते. नकाशावर चढ लगेच नजरेत भरतो, रस्त्याची रुंदी मात्र दिसत नाही. सायकलस्वार एकमेकांना चिकटून जातात, कारण पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कापायचे श्रम बरेच वाचतात. म्हणूनच रस्ता आवळला की पुढे राहण्यासाठी रेटारेटी होते. त्या दिवशी मोठी पडझड झाली आणि शर्यत काही वेळ थांबवावी लागली. आखणीतली ही जागा मला खटकली. अरुंद रस्ता हवाच, त्यानं रंगत येते. पण घोळका आधी एखाद्या चढावर विरळ झाला की मग तो यावा. पहिल्याच टप्प्यात सगळे ताजे आणि सगळे आशावादी असतात, तेव्हा तो महागात पडतो.

दुसरा टप्पा ‘मराठा हेरिटेज सर्किट’. नावावरून वाटलं होतं, गडकोटांच्या मुलखात नेऊन शेवटी एखाद्या गडावर चढवतील. आखणाऱ्यानं तसं केलं नाही. रस्ता डोंगरांतून फिरवला, दम काढला आणि शेवट सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटीत, खाली ठेवला. मला या दिवसाचं मर्म इथेच सापडतं. शेवट सिंहगडाच्या माथ्यावर असता तर चित्रं झकास मिळाली असती, पण एखादा चिवट चढाईवाला तिथेच मिनिटांचं अंतर टाकून मोकळा झाला असता. उरलेले दोन दिवस नुसती मिरवणूक. माथा दाखवायचा आणि वर न्यायचं नाही, हा संयम अनुभवी नाटककाराचा.

तिसरा टप्पा सर्वांत लांब, १३० किलोमीटरहून अधिक. नाव ‘वेस्टर्न घाट्स गेटवे’, पण वाट सासवडहून बारामतीकडे, म्हणजे घाटाकडे पाठ करून. नावाची ही गंमत सोडली तर हा दिवस मला सर्वांत आवडला. नाटकात पहाटे तीनचा जो प्रहर असतो, तो हा. डोळे जड झालेले, पाय आखडलेले, आणि नेमकं याच वेळी खलनायक आपला डाव टाकतो. सपाटीवर दोघे-चौघे निसटून जातात, मागचा घोळका पाठलाग कोणी करायचा यावरून घुटमळतो. जोर सगळ्यांकडे असतो; तो दुसऱ्याच्या फायद्यासाठी खर्च करायची तयारी कोणाची नसते. सपाट रस्ता असा माणसांचे स्वभाव उघडे करतो.

चौथा टप्पा बालेवाडीतून निघून पुण्याच्या मध्यवस्तीत, जंगली महाराज रस्त्यावर. शेवट मोठ्या शहराच्या हमरस्त्यावर करण्याची ही चाल तूर द फ्रान्सची. तिथे १९७५पासून, २०२४चा अपवाद सोडला तर, तो पॅरिसच्या शाँझेलिझेवर होत आला आहे. पडदा पडताना मंडप भरलेला असावा, एवढंच त्यामागचं शहाणपण. न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे विजेता ठरला तेव्हा गर्दी होती, आणि ती गर्दी हेही आखणीचंच यश.

मराठी माणसाच्या मनात सायकल शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. तिचं सगळं नाट्य बोरघाटात. खोपोली आली की श्वास रोखायचा आणि ‘घाटाचा राजा’ कोण ते बघायचं. ती एकांकिका आहे, एका कळसाची. तिच्या सवयीनं पुण्याचा नकाशा वाचणारे ‘खरा चढ कुठे आहे?’ असं विचारतात. भंडाऱ्यातले माझे मित्रही तेच म्हणतात, ‘‘घाट नाही तं मजा कायची, भाऊ?’’

मग मी त्यांना कतारची गोष्ट सांगतो. टूर ऑफ कतार २००२ ते २०१६ चालली. वाळवंट, तळहातासारखं सपाट, डोंगराचं नाव नाही. पण वारा बाजूनं सुटला की आडोसा मागे न मिळता तिरका मिळतो, स्वार रस्त्याच्या रुंदीत तिरकी रांग धरतात, आणि रस्त्याची रुंदी संपली की ज्याला रांगेत जागा नाही तो तुटून मागे पडतो. बेल्जियमच्या टॉम बोनेननं ती शर्यत चार वेळा जिंकली, एकही घाट न चढता.

आमच्याकडे जानेवारीचा वारा इतका तिखट नसतो. तरी माझ्या मनात एक टप्पा कधीचा आखून ठेवला आहे. तुमसरहून सुटायचं, सातपुड्याच्या पायथ्याचा आंबागड एका अंगाला ठेवून. मोहाडी, भंडारा करत वैनगंगेच्या सोबतीनं दक्षिणेला. आणि शेवट पवनीत, जुन्या किल्ल्याच्या दरवाज्याजवळ, गोसीखुर्दचं पाणी जवळ असताना. चढ नावालाच. सगळा घोळका एकत्र येईल आणि शेवटच्या दोनशे मीटरांत निकाल लागेल. डोळ्याचं पातं लवायच्या आत कोण पुढे आलं, हे ओळखायला आमच्या लोकांना शिकवावं लागणार नाही.

फक्त आयोजकांनी एक तयारी ठेवावी. सायकली यायच्या तासभर आधी दोन-चार म्हातारे धोतर सावरत रस्त्यावर उतरतील, वाकून डांबर बघतील, आणि त्यांतला एखादा ओरडेल, ‘‘डाव्या अंगाले खडी हाये, जोडी उजवीकडून काढा!’’