ताटावरचा उजेड : सजावट कुठे संपते, बतावणी कुठे सुरू होते

मेढ्याच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात इंद्रायणी तांदळाची पिशवी हाती आली. तांदूळ जावळी तालुक्यातलाच, पिशवी उघडताच वासावरून ओळखू येणारा. पिशवीवरच्या छायाचित्रात मात्र शीत न् शीत सुटे असलेला लांबट भात, त्यावर पुदिन्याचे पान आणि मागे अंधूक दिसणारी तांब्याची हंडी. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार केलेले, १९८७ साली प्रसारित झालेले वाण. त्याचा भात मऊ, सुवासिक आणि चिकट होतो. हा चिकटपणा म्हणजे दोष नव्हे. त्याच्यामुळेच मूद नीट पडते आणि वरण-तूप भात धरून ठेवतो. पिशवीवरच्या चित्राने नेमका तोच गुण पुसून टाकला होता.

पुस्तक, नाटक, चित्रपट यांची समीक्षा आपल्याकडे होते. पाककृतींच्या पुस्तकांचीही कधीमधी होते. परंतु पाकिटांवर, हॉटेलांच्या फलकांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर रोज दिसणाऱ्या अन्नाच्या छायाचित्रांकडे कुणी समीक्षकाच्या नजरेने पाहत नाही. साताऱ्याहून मेढा, केळघर करत महाबळेश्वरला निघालेला प्रवासी वाटेत किती तरी ताटे, वाट्या आणि स्ट्रॉबेरीचे प्याले फलकांवर पाहतो आणि कुठे थांबायचे ते त्यावरून ठरवतो. म्हणजे हे चित्र निव्वळ शोभेचे नसते, ते एक विधान असते. म्हणून ते खरे की खोटे, हा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे.

अन्नाचे छायाचित्र छायाचित्रणकलेइतकेच जुने आहे. इंग्लंडमधल्या टॅलबटने १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथात फळांच्या टोपल्यांचे एक चित्र आहे. फळे हलत नाहीत, लवकर सुकत नाहीत. त्या काळच्या संथ कॅमेऱ्याला ती सोयीची होती. शिजवलेल्या अन्नाचे तसे नाही. ते निवते, त्यावर साय धरते, कोथिंबीर माना टाकते. पुढे स्टुडिओतल्या तापट दिव्यांखाली तर त्याचा टिकाव लागेना. मग आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा आला, बर्फाच्या जागी ॲक्रिलिकचे खडे आले, फळांवरच्या दवबिंदूंसाठी पाण्यात ग्लिसरीन मिसळू लागले. वाफेसाठी ताटामागे गरम पाण्यात भिजवलेला कापूस ठेवण्याची युक्तीही प्रसिद्धच आहे.

या सगळ्यांना सरसकट लबाडी म्हणणे सोपे आहे, पण नेमके नाही. या बाबतीत अमेरिकेतल्या कॅम्पबेल सूपचे प्रकरण उद्बोधक आहे. जाहिरातीच्या छायाचित्रासाठी वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या. सूप खरे होते, भाजीही त्यातलीच होती. गोट्यांमुळे भाजी फक्त वर आली. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने यावर आक्षेप घेतला आणि १९७० साली कंपनीला ही पद्धत सोडावी लागली. कारण पाहणाऱ्याची समजूत भाजी किती आहे याबद्दल चुकत होती. आपल्याकडे मिसळीच्या बशीत खाली वाटी पालथी घालून वर मटकी आणि फरसाणाचा डोंगर रचणे हा त्याच जातीचा प्रकार. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही वस्तूचे स्वरूप, घटक, प्रमाण किंवा दर्जा यांविषयी दिशाभूल करू शकणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारीच मानतो. तेव्हा कसोटी अशी धरता येईल : हॉटेलवालाही वर कोथिंबीर भुरभुरवत असेल, तर चित्रातली कोथिंबीर ही सजावट. ग्राहकाच्या बशीत जे कधीच येणार नाही ते चित्रात दाखवणे ही बतावणी. इंद्रायणी अर्धकच्चा शिजवून, तेलाचे बोट फिरवून मोकळा केला, तर तांदूळ खरा असूनही चित्र खोटेच ठरते.

वस्तू बदलली नाही तरी उजेडामुळे समजूत बदलू शकते. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरून चालतो. त्यामुळे त्याच्यावर विसंबले तर चौकटभर पांढरा भात मळकट दिसतो आणि नाचणीची काळसर भाकरी फिकी पडते. भातासाठी प्रकाश मापापेक्षा वाढवावा लागतो, नाचणीसाठी कमी करावा लागतो. समोरून फ्लॅश मारला की भाकरीचा पापुद्रा आणि तव्याचे डाग सपाट होतात. तोच उजेड बाजूने, थोडा खालून आला की प्रत्येक डागाला सावली मिळते आणि भाकरी हातावर थापलेली आहे हे कळते. रंगाचेही तसेच. साध्या पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. दोन्ही एका ताटावर पडले की अर्धी आमटी पिवळी आणि अर्धी निळसर होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा रंग संगणकावर भडक नारिंगी केला तर चित्र उठावदार होते, पण गिऱ्हाईक जो रंग पाहून दर्जा ठरवते तोच बनावट होतो.

तर्रीची गंमत आणखी वेगळी. तेलावरची चकाकी म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब. ती नको म्हणून ध्रुवीकरण करणारे भिंग लावून सगळी घालवली, तर रस्सा वाळलेल्या रंगासारखा दिसतो. मोठा मऊ उजेड मागच्या बाजूने आला आणि चकाकीचा एक पट्टा राखला, की लाल तवंग आणि त्याखालचा दाट रस्सा दोन्ही दिसतात. कुठली चकाकी ठेवायची हे ज्याला कळले, त्याला पदार्थ कळला.

माझा खरा आक्षेप मात्र भांड्यांबद्दल आहे. ‘गावरान’ म्हणून जे चित्र सध्या सर्वत्र दिसते त्यात गोणपाट, जुनी फळी, मातीचे मडके, पितळी वाटी आणि इतस्ततः विखुरलेल्या मिरच्या हमखास असतात. जावळीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा, मांडणीवर स्टील लखलखत असते. मग चित्रात ते का नाही? उत्तर सौंदर्यशास्त्रात नाही, तंत्रात आहे. स्टीलच्या ताटात सारी खोली उमटते, दिवा उमटतो, छायाचित्रकारही उमटतो. माती आणि जुने लाकूड प्रकाश गिळतात, म्हणून सोपे जातात. स्टुडिओची ही सोय हळूहळू खेड्याची ओळख होऊन बसली. त्यातून बिनकल्हईच्या पितळी वाटीत ताक वाढलेले दिसते. ते कळकते हे घरातली कुठलीही म्हातारी सांगेल. जिने पै पै साठवून स्टीलची भांडी घेतली आणि त्यावर नाव कोरून घेतले, तिच्या घराचे प्रतिनिधित्व असे मडके कसे करील? स्टीलचे चित्र घेता येते. ताटाभोवती पांढऱ्या कापडाचा आडोसा केला की त्यात खोलीऐवजी पांढरेपण उमटते. तेवढी तसदी घेतली जात नाही, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, छोट्या उत्पादकाला एवढे कुठले परवडणार? उलट त्यालाच ते सर्वात स्वस्तात परवडते. आषाढ-श्रावणात मेढ्यावर ढगांचे जे छत असते तो निसर्गाचा अवाढव्य सॉफ्टबॉक्स. सावल्या मऊ, रंग शांत. जुन्या घरातल्या काळोख्या स्वयंपाकघराला एकच दार असेल तर बाजूचा उजेडही आयता मिळतो. दारापासून दोन हातांवर ताट ठेवावे, विजेचा दिवा बंद करावा, सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा. उकडीचा मोदक किंवा भाताची मूद असेल तर कॅमेरा जवळजवळ ताटाच्या पातळीवर आणावा, भरलेले ताट असेल तर नेमके वरून घ्यावे.

मूळच्या कुंडलच्या कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि घराघरांत पोचले, ते वाटी-चमच्याच्या प्रमाणामुळे. वाचणारीच्या हाती जे माप होते तेच लेखिकेने वापरले. छायाचित्रालाही असे माप हवे. लहानशा बशीत भात भरून ढीग दाखवण्यापेक्षा शेजारी घरातली नेहमीची वाटी ठेवली, तर पाहणाऱ्याला आकार कळतो आणि त्याची फसवणूक होत नाही.

ती इंद्रायणीची पिशवी मी घरी आणली. भात शिजवला, मूद पाडली, वरून वरण आणि तूप घातले. दाराच्या उजेडात मुदीच्या कडेने ओघळलेले तूप दिसत होते, शिते एकमेकांना धरून होती. पिशवीवर हे चित्र असते, तर आतला तांदूळ कसा आहे हे विकत घेणाऱ्याला आधीच समजले असते.