हातोडा, गीता आणि जबाब

मालिकेतले न्यायालय ओळखायला दोन वस्तू पुरतात : न्यायाधीशांचा हातोडा आणि साक्षीदाराच्या हाताखालची गीता. शिवाजीनगरच्या न्यायालयात यांतले काहीच दिसत नाही. हातोड्याची आपल्याकडे प्रथा नाही. १९६९च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराच्या नावाने शपथ किंवा नुसती प्रतिज्ञा पुरते, ग्रंथ लागत नाही. पण या चुका नेपथ्याच्या, हसून सोडाव्यात. तुरुंगाचे चित्र त्याहून फसवे. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, मालिकेतल्या कोठडीत मात्र बहुतेक सगळे शिक्षा भोगणारे.

खरी गफलत साक्षीची आहे. पडद्यावर उलटतपासणीत साक्षीदार कोसळतो आणि खटला तिथेच निकालात निघतो. प्रत्यक्षात त्याच्या प्रश्नोत्तरांतून न्यायाधीश सलग वाक्य रचतात, ते टंकून घेतात. अपिलात वाचले जाते ते हेच वाक्य. साक्षीदाराचा आवाज तिथे पोचत नाही. मालिकांना न जमलेले हे काम चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने केले. तिथले न्यायाधीश शांतपणे मजकूर सांगत राहतात, कॅमेरा हलत नाही. प्रेक्षक कंटाळतो. कंटाळू द्यावा!

मालिका पाहून साक्षीला गेलेला माणूस भाषणाच्या तयारीने उभा राहतो आणि शेवटी जबाबावर न वाचता सही करतो. तो जबाब त्याला वाचून दाखवावा, त्याची हरकत असल्यास तिची नोंद करता यावी, अशी तरतूद कायद्यात आहे. एकाही मालिकेत हा प्रसंग माझ्या पाहण्यात आलेला नाही.