अहवालातला ‘अनिश्चित’ हा शब्द कसा वाचायचा?

मंडळी, आजचा विषय वैद्यकाचा वाटेल, पण मला त्यात ज्ञानमीमांसेचा प्रश्न दिसतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाची जनुकीय तपासणी होते, अहवाल येतो आणि त्यात एखाद्या बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलेलं असतं. हे विधान मुलाच्या जनुकाबद्दल आहे, की आपल्या माहितीबद्दल?

२०१५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी अशा बदलांचे पाच वर्ग ठरवले: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. २०१८ साली हे नियम श्रवणदोषासाठी आणखी तपशिलात मांडले गेले. ही शिस्त हवीच होती. बहिऱ्या मुलात बदल सापडला म्हणून तोच दोषी, हा तर काकतालीय न्याय झाला.

जीजेबी-२ हे जनुक घ्या. ते कनेक्सिन-२६ हे प्रथिन घडवतं. आतल्या कानातल्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा त्यापासून बनतात. बहिरेपणाशी त्याचा संबंध १९९७ साली उघड झाला. भारतीय रुग्णांत या जनुकातला सर्वाधिक आढळणारा रोगकारक बदल डब्ल्यू-२४-एक्स. २२६ घटकांची साखळी २४व्या जागीच तुटते. इथे वाद नाही. पण आर-१२७-एच हा बदल बहिऱ्या मुलांत सापडला म्हणून संशयित ठरला, आणि पुढे चांगलं ऐकू येणाऱ्या भारतीयांतही तो भरपूर निघाला. तिसरा व्ही-३७-आय. २०१९ साली तज्ज्ञांनी तो रोगकारक ठरवला. मात्र त्याच्या दोन प्रती असूनही काहींना नीट ऐकू येतं, हेही नोंदवलं. नैयायिक म्हणतील, इथे व्याप्तीला उपाधी आहे. विस्तवातून धूर निघतो, पण इंधन ओलं असेल तर.

आता माझा मुख्य आक्षेप. नियम सांगतो की सर्वसाधारण लोकांच्या संग्रहात बदल सापडत नसेल, तर त्याच्यावरचा संशय वाढतो. आपले मीमांसक इथे थांबवतील. घट दिसत नाही म्हणून घट नाही, हे केव्हा म्हणता येतं? असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून काय सिद्ध होणार? जागतिक संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा. आपल्याकडे जातीतल्या जातीत लग्नं. एका समाजात सर्रास असलेला बदल देशाच्या सरासरीत दुर्मिळ दिसू शकतो. एकट्या या पुराव्यावर निकाल लागत नाही, हे खरं. पण तराजूत ते वजन पडतंच ना? इंडिजेन प्रकल्पात १,०२९ भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले; जीनोम इंडियाने जानेवारी २०२५ मध्ये १०,००० जणांची माहिती खुली केली. दिवा लागला, पण घर फार मोठं आहे.

हा वाद पंडितांपुरता राहत नाही. अहवाल घरी येतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘तिच्या माहेराकडूनच आलं असन!’ डब्ल्यू-२४-एक्समुळे येणाऱ्या बहिरेपणात एक प्रत आईची आणि एक बापाची असते. दोघांनाही ऐकू येतं, आणि प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरं होण्याची शक्यता चारात एक असते. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या घरांत तोच बदल दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. यात एकट्या सुनेचा दोष कुठून आला? आणि ‘अनिश्चित’ म्हणजे अर्धा गुन्हेगार नव्हे. अशा शेऱ्यावरून कुणाचं लग्न मोडणं किंवा गर्भाचा निर्णय घेणं, हे प्रमाणाशिवाय प्रमेय मांडणं आहे.

म्हणून अहवाल हाती आला की तीन गोष्टी विचारा. हा निकाल कोणत्या तारखेच्या माहितीवर दिला? आईवडिलांचीही तपासणी झाली का? दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा तपासून मिळेल का? जनुक तेच राहील, वर्ग बदलू शकतो. आणि मुलाला श्रवणयंत्र लावायला, खुणांची भाषा शिकवायला त्या निकालाची वाट पाहू नका. ते आजच सुरू करा.

मी इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.