दोन चित्रं, दोन डोडो

वाचकहो, डोडो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सुटलेलं पोट, आखूड पाय, चेहऱ्यावर बावळट भाव. मॉरिशसला येऊन गेला असाल, तर कीचेनवर किंवा टी-शर्टवर हाच डोडो घरीही नेला असेल. माझं म्हणणं असं, की हा डोडो आपल्या बेटावरचा कमी आणि एका डच स्टुडिओतला जास्त आहे.

रूलांट साव्हरी याने 1626 च्या सुमारास काढलेलं डोडोचं तैलचित्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. साव्हरी मॉरिशसला कधी आला नव्हता. त्याच्या डोडोच्या मागेपुढे मकाव पोपट दिसतात, ते अमेरिकेतले! म्हणजे हे निसर्गचित्र नाही, ही नवलाईच्या वस्तूंची मांडणी आहे. रंग देखणे आहेत, चोच ठसठशीत आहे, पण पक्षी एखाद्या भरलेल्या पोत्यासारखा बसवलेला आहे. 'ॲलिस'साठी जॉन टेनिएलने काढलेला डोडो याच घराण्यातला.

चित्र चुकलं तर एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं ते विज्ञानात. 1865 मध्ये जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांना मार-ओ-साँज या दलदलीत डोडोची हाडं सापडली. लंडनला रिचर्ड ओवेन यांनी त्यांचा सांगाडा जुळवला, तो साव्हरीच्या चित्राच्या बाह्यरेषेत बसवून! हाडं खरी, पण ती चित्राच्या मापाने वाकवली गेली. पुढे ओवेन यांनी स्वतःच डोडोला जरा ताठ उभं केलं. तोवर लठ्ठ डोडो लोकांच्या मनात बसला होता.

आता दुसरं चित्र पाहा. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एक मुघल चित्र आहे. त्याचं श्रेय जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरला दिलं जातं आणि काळ साव्हरीच्याच आसपासचा. डोडो तेव्हा सुरतेपर्यंत पोचले होते. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने तिथे दोन पाहिल्याचं लिहून ठेवलंय. या चित्रातला डोडो तपकिरी आहे, अंगाने सडसडीत आहे आणि आपल्या पायांवर नीट उभा आहे. भोवतीचे ट्रॅगोपॅन आणि पट्टकादंब इतके नेमके आहेत, की पक्षिनिरीक्षक ते लगेच ओळखतात. इतर पक्ष्यांशी इमान राखणारा हात डोडोशीच खोटं बोलेल कशाला? हाही पिंजऱ्यातलाच पक्षी, पण चित्रकाराने त्याची थट्टा केलेली नाही.

अलीकडचे वजनाचे अंदाजही 10 ते 15 किलोच्या आसपास आहेत, पूर्वी धरलं जाई त्याहून बरेच कमी. डोडो म्हणजे मुळात एक मोठं कबुतर. त्याचं सर्वांत जवळचं हयात नातलग आपल्या निकोबारचं कबुतर आहे. शिकारी प्राणी नसलेल्या बेटावर न उडणं हा मूर्खपणा नव्हता, ती काटकसर होती. 1598 मध्ये डच उतरले. जहाजांबरोबर उंदीर, डुकरं आणि माकडं आली, जंगल तुटू लागलं आणि जमिनीवर घातलेलं एकुलतं अंडं वाचेना. 1662 नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही.

इतकं सगळं माहीत असूनही 'डोडो' ही शिवीच राहिली. याचा दोष मी साव्हरीच्या चित्राला देतो. पक्षी ढब्बू आणि मठ्ठ दाखवला, की तो मेला यात त्याचीच चूक ठरते आणि मारणारे सुटतात.

आपल्याला हे कळायला हवं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांचे फोटो जपलेले आहेत. ते आपल्या माणसांनी हौसेने काढून घेतलेले नव्हते, सरकारी कागदासाठी काढलेले होते. दुसऱ्याने त्याच्या गरजेपुरती काढलेली छबी म्हणजे अख्खा माणूस नव्हे, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पक्ष्यालाही तेवढा न्याय द्यावा.

पुढच्या वेळी पोर्ट लुईच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मुलांना न्याल, तेव्हा तिथला सांगाडा दाखवा. एतिएन तिरिऊ या न्हाव्याने शोधलेला, एकाच पक्ष्याचा, जवळजवळ पूर्ण. आधी हाडं बघू द्या. कीचेन नंतर घ्या.