पाटीखालची मान

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरील बाई आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. गौर वर्ण, भरले अंग, अंबाड्यावर गजरा, हातात निरांजनाचे तबक आणि त्या ज्योतीचा उजेड गालावर. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला, रघुवीर मुळगावकरांची चित्रे घराघरांतून भिंतीवर चढली, आणि मराठी माणसाच्या मनात सुंदर स्त्री म्हटली की हीच, असे ठरून गेले. माझे त्या बाईशी भांडण नाही. लहानपणी मी तिच्यावर लुब्ध होते आणि आजही तिच्याकडे पाहिले की फराळाच्या डब्याचा वास येतो. परंतु दलाल-मुळगावकरांची कुंचली ऐन भरात असतानाच नागपूरकडच्या बेला या गावची एक मुलगी चित्रकला शिकत होती, आणि तिने पुढे जी बाई रंगवली तिच्या अंगावर छटाकभरही मांस नव्हते. त्या मुलीचे माहेरचे नाव प्रभा आगे. चित्रसृष्टीत ती बी. प्रभा म्हणून ओळखली जाते.

प्रभाबाईंचा जन्म १९३३ सालचा. नागपूरच्या कलाशाळेतून त्या मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आल्या. १९५६ साली शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पहिल्या प्रदर्शनातील तीन चित्रे डॉ. होमी भाभांनी विकत घेतली. कुंचला हाती धरणारी पहिली बाई त्या नव्हेत, हे सांगितले पाहिजे. रावबहादूर धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई १९३१ सालीच जे. जे. ची पदविका घेऊन बाहेर पडल्या होत्या. गोमंतकीय घराण्यातल्या अँजेला त्रिंदाद मुंबईत नाव मिळवून होत्या. आणि अमृता शेरगिल अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात वादळासारखी येऊन १९४१ साली लाहोरला मावळली होती. प्रभाबाईंनी अमृतेचे ऋण मानले आहे. पण अंबिकाबाईंच्या पाठीशी वडिलांचे घर होते, अमृतेच्या पाठीशी पॅरिस होते. बेल्याच्या मुलीपाठी यातले काहीच नव्हते. बाईने स्वतःच्या चित्रांवर पोट भरायचे, ही गोष्ट आपल्याकडे रुजवणाऱ्यांत त्यांना म्हणूनच मी अग्रभागी धरते.

प्रारंभी त्यांनी नव्या पद्धतीची, अमूर्ताकडे झुकणारी चित्रे केली. पुढे ती वाट सोडून त्या माणसांकडे वळल्या. माणसांकडे म्हणजे बायकांकडे. कोळणी, पाणी वाहणाऱ्या, बाजाराला निघालेल्या, मूल कडेवर घेतलेल्या. दुष्काळ, भूक, बेघरपण हेही विषय आले. सगळ्या बायका उंच, शिडशिडीत, वेलासारख्या ओढलेल्या. मान लांब, चेहरा निमुळता, डोळे खाली वळलेले. बहुधा एकच रंग सबंध चित्रावर राज्य करतो. कधी निळा, कधी गेरूसारखा, कधी राखाडी. पाठीमागे घर नाही, झाड नाही, असलेच तर नावाला. अशा चित्राची छापील प्रत पाहून त्याविषयी मत बनवू नये, असे मी आवर्जून सांगेन. छपाईत तो एक रंग सपाट भिंतीसारखा दिसतो. मूळ तैलचित्रासमोर उभे राहिले म्हणजे कळते की त्या निळ्याच्या पोटात आणखी चार निळे आहेत, आणि बाईचे लुगडे त्यांतूनच हळूहळू वर आले आहे.

आता आक्षेप. तो जुना आहे आणि मला तो सहज झटकून टाकता येत नाही. कष्टकरी बाईला इतके देखणे केले की तिच्या कष्टांचा बैठकीतला शोभेचा जिन्नस होतो, असे जाणकार म्हणतात. त्याला पुरावाही आहे. एअर इंडियाने चित्रे जमवायला सुरुवात केली ती १९५६ च्या सुमाराला, प्रभाबाईंच्या सहा चित्रांपासून. किंमत दर चित्राला साडेसत्त्याऐंशी रुपये. डोक्यावर हंडा घेणारी बाई विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन बसली. (याच कंपनीने १९६७ साली साल्वादोर दालीकडून रक्षापात्र करवून घेतले आणि मोबदल्यात त्याला हत्तीचे पिल्लू धाडले. आमच्या प्रभाबाईंना रुपयेच मिळाले.) आज लिलावात त्यांच्या चित्रांना लाखांनी बोली लागते. दुष्काळातली बाई दिवाणखान्यात सोफ्याच्या रंगाशी जुळते म्हणून विकत घेतली जात असेल, तर ते पाहून कुणाच्याही पोटात तुटावे.

मी चित्रकलेची पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चिंचवडच्या एका बालवाडीत मी शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया बांधकामावर बिगारी काम करतात, कुणी चाकणच्या बाजारात कांदा निवडतात, कुणी पहाटेच्या अंधारात कंपनीची बस धरतात. एकदा वर्गात मी प्रभाबाईंच्या कोळणींचे चित्र लावले होते. मुलाला न्यायला आलेली एक आई त्यापुढे थांबली. ‘बाई, ही जेवली नाही व्हय कधी?’ असे तिने प्रथम विचारले. मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘पण मान बराबर काढली.’

या दोन वाक्यांत मला आक्षेपही सापडतो आणि त्याचे उत्तरही. डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढणाऱ्या बाईला मान वाकवता येत नाही. वाकली की पाटी गेली. वर्षानुवर्षे असे वाहिले की मानेला, पाठीला एक सरळपणा येतो, तो नाचणारणीच्या डौलाहून निराळा. मोदिग्लियानीच्याही बायकांच्या माना लांब आहेत, पण त्या खुर्चीवर रेलून लांब झालेल्या आहेत. प्रभाबाईंच्या बायकांची मान ओझ्याखाली लांब झाली. म्हणून ज्या चित्रांत कोळणी पाट्या खाली ठेवून बसल्या आहेत तीच मला अधिक भिडतात. ओझे उतरले आहे, डोके किंचित कलले आहे, पण मानेला ते ओझे अजून आठवते आहे. हा देखणेपणा चित्रकर्तीने वरून चढवलेला नाही. तो त्या कामातूनच आलेला आहे; इतरांना दिसला नव्हता, तो तिने पाहिला.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. या बायका आपल्याकडे पाहात नाहीत. दया मागणारे चित्र नेहमी आपल्या डोळ्यांत डोळे घालते. मदतनिधीच्या पत्रकांवरची मुले पाहा. प्रभाबाईंच्या बायका आपसांत किंवा स्वतःत गुंतलेल्या असतात. आपण त्यांच्या लेखी तेथे नसतोच. सोफ्यावर बसलेल्या धन्याला त्या चित्राची मालकी मिळते, पण त्या बाईची नजर मिळत नाही.

तरीही सगळेच चित्र गोड मानून घ्यावे असे नाही. त्यांच्या उत्तरकाळातील काही चित्रांत ही ओढलेली आकृती सवयीची झाली आहे, रंग बदलला तेवढाच. भुकेच्या विषयालाही तीच लयदार रेषा लावली की भूक कुठे हरवते. माझ्या विद्यार्थ्याची आई जे पहिले बोलली ते अशा चित्रांबाबत खरे आहे. शेरगिलच्या १९३५ च्या ‘तीन मुली’ शेजारी ठेवली तर त्यांतली पुष्कळशी फिकी पडतील. पण चार-पाच दशके चित्रे काढून त्यांवर जगणाऱ्या बाईचे मोजमाप तिच्या बाजारी चित्रांवरून करू नये. दलालांचे आपण तसे करत नाही.

प्रभाबाई २००१ साली वारल्या. विमान कंपनी २०२२ साली टाटांकडे परत गेली, पण तिचा चित्रसंग्रह सरकारकडेच राहिला आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या हवाली झाला. म्हणजे तो आता तुमचा-आमचा आहे. त्यांतली चार कोळणींची चित्रे फिरत्या प्रदर्शनातून पिंपरी-चिंचवडला आणायला काय हरकत आहे? फक्त ती रविवारी ठेवू नयेत. आमच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते.