स्वप्नात उरलेली नगरे : चांग दाईचे प्रवासलेखन

प्रवासवर्णनाचा विचार करताना मराठी टीकेने बहुधा एक गोष्ट गृहीत धरलेली असते. प्रवासी परका असतो, स्थळ नवे असते, आणि त्या नवेपणाचा विस्मय हाच अशा लेखनाचा प्राण होय, हे ते गृहीत. सतराव्या शतकातील चिनी निबंधकार चांग दाई याचे लेखन या कसोटीला उतरत नाही. हांगचौ, सूचौ, यांगचौ, नानजिंग ही त्याने वर्णिलेली नगरे त्याला नवी नव्हती. पितापुत्र, चुलतबंधू, मित्र, घरचे नट आणि नोकर यांच्यासह तो तेथे वर्षानुवर्षे हिंडला होता. लिहावयास बसला तेव्हा मात्र त्या हिंडण्यातले जवळजवळ सारे नाहीसे झाले होते. तेव्हा या लेखनाला प्रवासवर्णन म्हणावे की विलापिका, असा प्रश्न उभा राहतो. त्याच्या उत्तरावर या लेखनाचे मूल्यमापन अवलंबून आहे.

चांग दाईचा जन्म १५९७ साली शाओशिंग येथे झाला. त्याचे पणजोबा १५७१ च्या राजपरीक्षेत सर्वप्रथम आले होते; घरात ग्रंथसंग्रह होता, स्वतःची नाटकमंडळी होती, आणि हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी कुटुंबाचे उद्यानगृह होते. १६४४ मध्ये मिंग राजसत्ता कोसळली. पुढच्याच वर्षी हांगचौ मांचूंच्या हाती गेले. त्याचा मित्र छी ब्याओज्या याने १६४५ मध्येच स्वतःला पाण्यात लोटून प्राणत्याग केला. चांग दाई डोंगरात गेला, दारिद्र्यात राहिला, आणि ऐंशी वर्षे ओलांडून जगला. ‘ताओआनच्या स्वप्नस्मृती’ आणि ‘पश्चिम सरोवराचा स्वप्नशोध’ ही त्याची दोन पुस्तके या उत्तरायुष्यातील आहेत.

दुसऱ्या पुस्तकाला त्याने १६७१ मध्ये लिहिलेली प्रस्तावना त्याच्या सगळ्या प्रवासलेखनाची किल्ली आहे. अनेक वर्षांच्या वियोगात सरोवर त्याच्या स्वप्नांतून कधी गेले नाही. पुढे १६५४ आणि १६५७ मध्ये तो प्रत्यक्ष तेथे गेला, तेव्हा ओळखीच्या कुटुंबांची घरे आणि स्वतःचे उद्यान या जागी केवळ कौलांचे तुकडे उरले होते. उद्ध्वस्त वास्तूंच्या त्या यादीत छी कुटुंबाचेही घर आहे. तो तेथून घाईने परतला. स्वप्नातले सरोवर शाबूत ठेवायचे तर प्रत्यक्ष सरोवर न पाहणेच बरे, असे त्याला वाटले. लहानपणीचे सेवक आता पांढऱ्या केसांचे झाले, पण स्वप्नात त्यांच्या डोक्यावर अजून बालपणीच्या शेंड्या आहेत, ही त्याने केलेली नोंद एखाद्या दीर्घ शोकगीताहून अधिक सांगते. नगर म्हणजे वास्तू नव्हेत. ज्यांच्यासह ते पाहिले त्या माणसांचे वय तेथे थांबलेले असते, हा विचार तो सिद्धान्त म्हणून मांडीत नाही, एका तपशिलाने सुचवतो.

ही सूचकता त्याच्या स्मरणपर निबंधांत अधिक प्रभावी आहे. सातव्या महिन्यातील पौर्णिमेच्या रात्रीचे वर्णन घ्यावे. आरंभीच तो सांगतो की त्या रात्री सरोवरात पाहण्याजोगे काही नसते. पाहावे ते चंद्र पाहावयास आलेल्यांना. मग तो त्यांचे पाच प्रकार करतो. मजल्यांच्या नौकांत दिवे आणि वाद्ये घेऊन बसलेले श्रीमंत चंद्राकडे पाहतच नाहीत. काहींना आपण चंद्र पाहत आहोत हे लोकांनी पाहावे असे वाटते. तर झाडांच्या सावलीत लहान नाव लावून चहा घेत बसलेले मूठभर रसिक चंद्र पाहतात आणि स्वतः कोणाच्या दृष्टीस पडू देत नाहीत. गर्दी ओसरते, नगराची दारे मिटण्याची वेळ येते, आणि तेव्हा लेखक मित्रांसह पुलाच्या पायऱ्यांवर बैठक मांडतो. पहाटे पाहुणे पांगतात, आणि नाव कमळांच्या गंधात वाहत राहते. येथवर वाचताना हा एक चतुर उपहास वाटतो. परंतु या सभेतील जवळजवळ कोणीच आता उरलेले नाही, हे ध्यानी आल्यावर उपहासाचा स्वर बदलतो. ज्यांची थट्टा केली त्या गर्दीविषयीही त्यात माया आहे. लेखकाने स्वर बदललेला नाही. काळाने बदलला आहे.

चन्च्यांगजवळच्या चिनशान मंदिरातील प्रसंग याहून मर्मग्राही आहे. १६२९ च्या शरद पौर्णिमेनंतरच्या रात्री प्रवासात असताना चांग दाईने नोकरांकडून नाटकाचे साहित्य मंदिरात आणविले, सभागृहात दिवे लावले आणि सोंग वठविले. भिक्षू डोळे चोळीत उठले. पहाटे नाव निघून गेली तेव्हा आपण माणसे पाहिली की भुते, हे त्यांना उमगेना. नाटकाचा विषय होता सोंग सेनापती हान शिचोंग याने त्याच परिसरात जुर्चेनांशी दिलेली झुंज. मांचू हे त्याच जुर्चेनांचे वंशज, आणि १६२९ च्याच हिवाळ्यात त्यांचे सैन्य पेकिंगच्या वेशीपर्यंत येऊन गेले. लिहिताना लेखकाला हे सारे ठाऊक होते. तरीही त्याविषयी तो एक अक्षर लिहीत नाही. तरुणांच्या त्या खेळात पुढील विनाशाची छाया वाचकाने आपण होऊन पाहावी, एवढा त्याचा वाचकावर विश्वास आहे.

या मौनालाच दोष देणारा आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. चहा, दिवे, नाटके, नौका यांचा हा रसिक शोक म्हणजे एका सुखवस्तू वर्गाने आपल्या गेलेल्या विलासासाठी केलेला शोक नव्हे काय? मध्यसरोवरातील मंडपावर हिमवर्षाव पाहावयास आपण एकटे गेलो, असे तो म्हणतो. वस्तुतः नावाडी बरोबर असतो. हा आक्षेप नाकारता येत नाही. पण त्याच निबंधाचा शेवट नावाड्याच्या पुटपुटण्याने होतो, आणि त्यात मालक वेडा ठरतो. अखेरचा शब्द ज्याला दिला त्याला लेखकाने पाहिलेच नाही, असे म्हणता येत नाही. मात्र चिनशानवर दिवे वाहून नेणाऱ्या नोकरांना असा शब्द मिळत नाही, ही उणीव उरतेच.

मराठीत या संदर्भात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. चुलत्यासह १८५७ मध्ये निघालेल्या या भिक्षुकाने सुमारे पंचवीस वर्षांनी आपल्या आठवणी लिहिल्या. चिंतामणराव वैद्य यांनी त्या १९०७ मध्ये प्रसिद्ध केल्या. तेथेही आप्तासह केलेला प्रवास आहे, कोसळणारे नगर आहे आणि दीर्घ कालावधीनंतरचे स्मरण आहे. परंतु गोडसे झाशीचा विध्वंस डोळ्यांपुढे उभा करतात, तर चांग दाई विध्वंस वगळून त्याच्या आधीची रात्र सांगतो. गोडसे यांना घडलेले सांगावयाचे होते. चांग दाईला, जे पुन्हा घडणार नाही ते जपावयाचे होते. एकाची कसोटी दुसऱ्याला लावणे अन्यायाचे होईल.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : हे प्रवासवर्णनच आहे, मात्र त्यातील प्रवास स्थळाकडे नसून सोबत्यांकडे आहे. आज पश्चिम सरोवर सुस्थितीत आहे. २०११ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेशही झाला. प्रवासी कुटुंबासह तेथे जातात आणि पुलावर गर्दी करतात. चांग दाईने वर्णिलेले पाचही प्रकार त्यांच्यात सापडतील. सापडणार नाहीत ती त्याची माणसे. आणि ती त्याच्या गद्याखेरीज कोठेच नाहीत, हीच त्या गद्याच्या थोरवीची खूण होय.