पाट्याचे अर्धे गणित

ट्रकचे पोलादी पाटे काढून काचतंतूंच्या संमिश्राचे बसवावेत, कारण ते हलके असतात, असा युक्तिवाद विज्ञानलेखांत आढळतो. हलकेपणा खरा; पण निष्कर्ष अर्धवट आहे.

धक्क्याची ऊर्जा साठवून परत देणे हे पाट्याचे काम होय. एकक आकारमानात साठणारी ऊर्जा प्रतिबलाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि यंगच्या गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, काचतंतू-इपॉक्सीचा तंतूंच्या दिशेने सुमारे ४०. म्हणजे येथे कमी ताठपणा हाच गुण ठरतो! त्यात घनताही पोलादाच्या सुमारे चौथाई. म्हणूनच १९८१ च्या शेवरोले कॉर्व्हेट मोटारीत मागच्या सुमारे १९ किलोच्या पोलादी पाट्यांची जागा सुमारे ४ किलोच्या संमिश्र पाट्याने घेतली.

पण मोटार म्हणजे मालट्रक नव्हे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर वसई फाट्यापाशी थांबलेला ट्रक पाहा. एकावर एक रचलेल्या पाट्यांपैकी एक तुटला तरी बाकीचे काही काळ भार पेलतात. तेवढाच पाटा बदलता येतो. त्यांच्यातील घर्षण हेलकावेही शमवते. एकसंध संमिश्र पाट्यात या सोयी नाहीत. आडव्या दिशेने तो दुबळा असतो आणि आतले थर सुटू लागले तरी बाहेरून चटकन कळत नाही. जादा माल भरला, तर धोका चालकाला.

म्हणून वजनातील बचतीबरोबर भार, खड्डे व दुरुस्ती यांचाही हिशेब मांडावा. वर्गात बांबूची कामटी वाकवून पाहावी. तीही तंतूंचे संमिश्रच. ती सहज वाकते आणि सहज चिरतेही.